बर्फावरची कबड्डी

लालबाग,
८ जानेवारी २०२५

चि. विनीत,
अनेक आशीर्वाद. शाळेच्या पेपरातली सोडली तर मी पहिल्यांदाच कुणाला पत्र लिहितेय, तेव्हा हसू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. तात्यांचा खोकला कमी झालाय. आई रोज विचारते, "झिलान फोन कित्याक नाय केल्यान?" मी सांगते, तिकडे उत्तरेत डोंगरातल्या शिबिरात फोन जमा करून घेतात, तुम्हाला युरोपच्या स्पर्धेला नेणाऱ्या हितेंद्र सरांचा नियम आहे. तिला पटतं. मला पटत नाही, पण ते पुढे लिहिते.

तुमच्या संघातल्या अमितचा पासपोर्ट उशिरा आल्यामुळे तो उद्या शिबिराला निघतोय. त्याच्याबरोबर तुझे कपडे देतेय. दादरला जाऊन मीच निवडलेत. दोन जोड पातळ आहेत, अंगाला घट्ट बसणारे. ते उघड्या अंगावर घालायचे, वरून जर्सी. आत बनियन घालू नकोस. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. हरयाणातल्या त्या डिसेंबरच्या सामन्यात मी जर्सीखाली सुती बनियन घातलं होतं, आठवतं? चढाया करताना मस्त ऊब वाटत होती. बाद होऊन बाहेर बसले आणि थोड्याच वेळात दात वाजायला लागले. हे नवं कापड घाम बाहेर टाकतं. शिवणी चपट्या आहेत, काखेत घासणार नाहीत. गळ्याला चेन असलेलं मुद्दामच घेतलं नाही, पकडीत कुणाचं तरी बोट अडकायचं. आणि सैल तर बिलकूल नको, समोरच्याला धरायला आयतंच मिळतं.

तिसरा जोड जाड आहे, आतून लोकरीसारखा. फोन जमा करायच्या आधी तू मागितलास म्हणून. "ताई, पातळ नको, सगळं जाडच पाठव." मी म्हटलं, अरे, जाड घालून खेळलास तर आतून भिजशील, मग थांबलास की कुडकुडशील. तर म्हणालास, "सरांनी सांगितलंय ना. तू पाठव फक्त."

विनीत, सरांनी मेसेजवर पाठवलेल्या सामानाच्या यादीत हातमोजे आहेत. कानटोपी आहे. घोट्याच्या वर येणारे बूट आहेत. मॅटवरचे बूट नाहीत, गुडघ्याचे पॅड नाहीत. हातमोजे घालून कुणाची पकड करणार आहात तुम्ही?

म्हणून काल ऑफिसमधून सुटल्यावर मी लोअर परळला सरांच्या केबिनमध्ये गेले. भिंतीवर एकाही संघाचा फोटो नव्हता.

"सर, सामने हॉलमध्ये आहेत की बाहेर?"

"दोन्ही, मॅडम."

"किती संघ आहेत?"

"ते फायनल व्हायचंय. मॅडम, तुम्ही तर स्वतः खेळलेल्या आहात. युरोपची थंडी म्हणजे लालबाग नाही. बर्फावर प्रॅक्टिस लागते."

"बर्फावर कबड्डीची?"

"स्टॅमिना, मॅडम, स्टॅमिना. तुम्ही खूप टेन्शन घेता." मग त्यांचा फोन वाजला. बोलत बोलत बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. मी बराच वेळ बसून उठले.

माझी जुनी मैत्रीण राधा आता पंच आहे. तिने चार ठिकाणी विचारलं. या स्पर्धेचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही.

आता स्पष्टच लिहिते. मला वाटतं, तो माणूस तुम्हाला खेळायला नेत नाहीये. खेळाडू म्हणून व्हिसा काढायचा, एका देशात उतरवायचं आणि तिथून बर्फातून, जंगलातून चालवत दुसऱ्या देशात घुसवायचं. तुमची प्रॅक्टिस कसली आहे, ते तुलाच ठाऊक. पासपोर्ट तुझ्या खिशात आहे की सरांच्या? तुम्हाला फसवतायत रे. अमितशी मी बोललेय. पोरं खेळताना दिसली नाहीत तर तो उलट्या पावली निघणार आहे. तू त्याच्याबरोबर ये. आणि शंतनुला आण. तो एकोणीस वर्षांचा आहे, आणि तू आहेस म्हणूनच वरच्या बकुळाकाकूंनी पोटच्या पोराला सोडलंय.

तात्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

तुझी,
ताई


लालबाग,
२ फेब्रुवारी २०२५

विनीत,
आशीर्वाद. शिबिरातून घरी न येता तू कणकवलीला मामांकडे सुखरूप पोचल्याचं मामींनी कळवलं. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून परत पत्र. आईने आज तिसऱ्यांदा तुझ्या आवडीची सोलकढी केली आणि कुणीच प्यायली नाही. मंडळात संध्याकाळचा सराव चालू आहे. अमितला दुकानात जुनी नोकरी परत मिळाली.

अमितने तुझा निरोप दिला होता. खाली जिन्यात उभं राहून, माझ्याकडे न बघता. "विनीत बोलला, ताईला सांग मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

मला आधी ते खरंच वाटलं नाही. मग तुझा फोन आठवला, पातळ नको, जाडच पाठव. जो माणूस दहा वर्षं चढाईला उतरत आलाय, त्याला खेळताना काय घालायचं हे मी सांगायची गरज होती का? मी त्या हितेंद्रवर संशय घेत बसले. तुझ्यावर घ्यायला हवा होता. खरं सांगायचं तर आला होता, तेव्हाच, त्या फोनवर. मी तो बाजूला सारला, कारण तू माझा भाऊ आहेस.

तुला का जावंसं वाटलं ते मला कळतं. गुडघा गेला, निवड हुकली, दिवसभर बाइकवर लोकांची पार्सलं पोचवायची आणि रात्री एका खोलीत पाच जण. मला हे सांगून गेला असतास तर भांडले असते, रडले असते, पण कदाचित सोडायलाही आले असते.

पण शंतनु? त्याला तू सामने आहेत असं सांगून नेलंस. तो तिथेही रोज विचारायचा म्हणे, मॅट कधी येणार. पाठीवर ओझं घेऊन चढण चढवत होते त्याला. जाड कपडे घामाने चिंब, वर पोचल्यावर तसाच तासन्‌तास बसवलेला. छातीत कफ भरला. अमितने त्याला अक्षरशः पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आणलं. तू शिबिराच्या दारात उभा होतास. तू हातही लावला नाहीस, असं अमित म्हणतो. हे खोटं असेल तर मला लिही. मी अमितवर विश्वास ठेवते, तरी तुझं ऐकेन.

पोलिसांत तक्रार कुणी केली म्हणून तू मामांकडे आरडाओरडा केलास. मी केली. तात्या बरोबर आले होते. पोलीस स्टेशनच्या बाकावर ते माझ्या शेजारी बसून होते. साहेबांनी विचारलं, "तुमचा मुलगा पण आहे ना यात?" तात्या म्हणाले, "आहे. त्याचं पण नाव लिहा."

म्हणून तुझा पासपोर्ट पोलिसांकडे जमा आहे. हितेंद्र आत आहे. बाकीची पोरं घरी पोचली.

शंतनुला परवा हॉस्पिटलमधून सोडलं. मी वर गेले तेव्हा बकुळाकाकूंनी चहा दिला. दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "विनीत होता म्हणून मी निर्धास्त होते गो." शंतनु भिंतीला टेकून बसला होता. त्याला अजून वाटतंय की तुलाही फसवलं. "विनीतदादा बरा आहे ना? त्याला पण काहीच माहीत नव्हतं ना, ताई?"

मी चहाचा कप मोरीत ठेवला आणि खाली आले.

त्याचं उत्तर तूच ये आणि दे. त्याच्यासमोर बसून, काकूंच्या देखत. मग आपल्या घरी ये. दार कुणी लावणार नाही. तात्या लगेच बोलणार नाहीत, पण ताटं मांडली की मागे सरकून तुझ्यासाठी जागा करतील, एवढं मी त्यांना ओळखते. वकिलाकडे मी तुझ्याबरोबर येईन. नोकरी शोधायलाही येईन.

येतो म्हणून कळवू नकोस. मला आता तुझं कळवलेलं चालत नाही. आलास की दिसशीलच.

तुझी वाट बघणारी, आणि तुझ्या शब्दावर सध्या भरवसा नसलेली,
तुझीच
अक्षदाताई