कणगीच्या तळाचा तांदूळ

माले, भाद्रपद १९६४

प्रिय सोनी,

“ह्यो तांदूळ गाईला घालू नगा, गाभण हाय ती.” सासूबाईंचं हे बोलणं बारा वर्षांनी माझ्या कानात पुन्हा घुमतंय. कणगीच्या तळाचा, ओलीनं हिरवा पडलेला तांदूळ. गाईपुढून उचलून आपण दोघी जावांनीच तो धुऊन, वाळवून दळला. तेव्हा तुलाही तिसरा महिना होता.

तीनदा तुझं पोट पडलं. भावजींनी दुसरं लग्न ठरवलं तेव्हाही तू भांडली नाहीस, गुमान भावाकडे निघून गेलीस. माझी दोन्ही मुलं तगली, म्हणून माझं कौतुक झालं. माझे गरोदरपणाचे दिवस माहेरी गेले आणि तुला आईच नव्हती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

परवा गड्यानं न विचारता म्हशीला तळाच्या कण्या घातल्या. ती गाभडली. पौडाहून आलेल्या ढोरांच्या डॉक्टरांनी कण्या हुंगल्या आणि बुरशीनं गाभ टिकत नाही म्हणाले. माणसांचं काय, मी विचारलं. “ते मला ठाऊक नाही, बाई. पण माझ्या बायकोला मी हे खाऊ घालणार नाही.”

सासूबाईंना सांगितलं. “आमी बी त्येच खाल्लं. वरचं धान्य बाप्यांचं. माझी सात गेली, चार ऱ्हायली. रडले का मी?” कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांनी दळायला काढून दिलेलं चार पायली मी उकिरड्यावर टाकलं, तर दिवसभर मला उंबऱ्याबाहेर उभं केलं. हे माझ्या शेजारून शेतावर निघून गेले.

सोनी, कुठल्या पिठाची भाकरी कुणाला वाढायची, एवढं मात्र तेव्हा माझ्या हातात होतं. वरच्या पिठाची मी माझ्या ताटात घ्यायचे. तळाची तुला, धाकटी म्हणून.

भावजींच्या नव्या बायकोला, सखूला, आता चौथा महिना आहे. एक आधीच गेलंय. तिला सांगायला गेले, तर हसली. “तुमच्या पोरांची वाटणी कमी व्हईल म्हून भ्या घालताय व्हय, जाऊबाई?” माझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही. तुझं इथं काही उरलेलं नाही, म्हणून तुझं खरं मानेल.

पुढच्या बाजाराला मी तिला पौडाला आणते. एसटीच्या थांब्यापाशी ये. काय खाल्लंस, कुणी वाढलं, माझं नाव घेऊन सांग. तुझ्या जागी आलेल्या बाईसाठी तू का यावंस? नाही येणार तू, जाणते. तरी ये.

तुझीच, अजून जाऊ म्हणवून घेणारी,
तुळजा