इंजिनावरची बोली

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

जुळे सोलापूर
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. भुवनेश्वरी आत्यास,
सोमशेखरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. फोन केला असता, पण फोनवर तुमच्यापुढे माझं काही चालत नाही. तुम्ही हसता आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही अप्पांना मागे जे पत्र पाठवलंत, त्यानं आमच्या घरात आग लावली आहे. तुमच्या कुर्डुवाडीबाहेर कोंडीबा नावाच्या बागायतदारांनी आणि त्यांच्या हौशी मंडळानं बार्शीच्या छोट्या गाडीचं जुनं इंजिन दुरुस्त करून घेतलं, माळावर थोडा रूळ टाकला आणि संक्रांतीनंतर ते पेटवून चालवणार आहेत, इथवर ठीक. पण चालवायला जुना ड्रायव्हर म्हणून अप्पांचं नाव तुम्ही का सुचवलंत? तेव्हापासून त्यांनी ट्रंकेतला ड्रायव्हरचा कोट काढून उन्हात घातलाय आणि सुनेला, राजनंदिनीला, बटणं शिवायला बसवलंय.

आत्या, अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. इंजिनापाशी उभं राहून राहून कान गेले. यंत्र आणून दिलं, तर ते कानात कुरकुरतं म्हणून कपाटात ठेवतात. आम्ही इतकं ओरडून बोलतो की आज आमच्याकडे काय भाजी केली ते खालच्या मजल्याला कळतं, अप्पांना कळत नाही. आता हातांचं नवीनच सुरू झालंय. जेवताना मध्येच घशाला दोन बोटं लावतात. घसा दुखत असेल म्हणून राजनंदिनी काढा देते, तो तोंड वाकडं करून पितात. घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. कधी ताटावर पंजा आडवा धरून खाली दाबतात. आम्हाला वाटतं रागावले, म्हणून वाढणं थांबवतो, आणि ते अर्धपोटी उठतात. अशा माणसाच्या हाती पेटतं इंजिन द्यायचं? कुणी थांब म्हणून ओरडलं तर ऐकणार कोण?

मी नाही म्हटलं तेव्हापासून माझ्याकडे बघतही नाहीत. तुमचं ते ऐकतात. तुम्हीच लिहून मन वळवा. मला माझा बाप हवाय, पेपरातला त्याचा फोटो नको.

गुडघ्यांना जपा. राग आलाच तर या कागदावर काढा, भाच्यावर नको.

तुमचा,
सोमशेखर


कुर्डुवाडी
दि. २३ नोव्हेंबर २०२४

ती. मल्लिनाथ अण्णांस,
भुवनेश्वरीचा कृ. सा. न. वि. वि.

कोट बाहेर निघाल्याचं कळलं. बटणं लागली तरी ती पोटावर येऊन मिटतील का, याची मला शंका आहे. वहिनी असती तर तिनं आधी तुमचा घेर मोजला असता.

कोंडीबा काल पुन्हा येऊन गेले. साधा माणूस आहे. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्यांनी नुसता हात लावला तरी लई झालं, आमच्यात वाफेचं इंजिन चालवलेलं कुणीच न्हाय की. बॉयलरची रीतसर तपासणी झालीय, आणि कोळसा टाकायला त्यांचा शिकलेला माणूस तुमच्याशेजारी राहणार आहे. मी इंजिन बघून आले. काळंभोर, एवढंसं, तेल पाजून चकचकीत केलेलं. मला तिथंच रडू आलं. कोंडीबांना वाटलं डोळ्यात कचरा गेला, त्यांनी पाणी आणवलं.

अण्णा, मी बार्शीला कॉलेजात जायची ती गाडी आठवते का हो? पुढं सरकीची पोती नि गुळाच्या ढेपा भरलेल्या वाघिणी, मागं दोन डबे, त्यात आम्ही. खिडक्यांना बाहेरून दुधाच्या किटल्या अडकवलेल्या. रोजच्या पोरींपैकी एखादी दिसली नाही तर गार्ड झेंडा काखेत ठेवून रस्त्याकडं बघत राहायचा. कडेवर पोर घेतलेली एखादी बाई पेला घेऊन इंजिनापाशी यायची आणि तुम्ही तिला दुधाची भुकटी कालवायला कढत पाणी द्यायचा. माल आणि माणसं एकाच मायेनं नेणारी दुसरी गाडी मी पाहिली नाही. मैत्रिणी म्हणायच्या, सायकल बरी. मला मात्र त्या गाडीचा फार तोरा होता, कारण इंजिनावर माझा भाऊ होता.

तुमचं नाव मी त्याच तोऱ्यात सांगून बसले. पण सोमूचं पत्र आलं आणि माझा तोरा उतरला. पोरगा तुमच्या जिवासाठी भितोय. तुम्हाला ऐकू येत नाही, हे तर खरं ना? तुम्ही काय ते स्पष्ट लिहा, मग मी कुणाची बाजू घ्यायची ते ठरवते.

रागावलात तरी उत्तर पाठवाच, एवढं मागणं आहे.

तुमची,
भुवना


जुळे सोलापूर
दि. २९ नोव्हेंबर २०२४

चि. भुवनेश्वरीस,
अनेक आशीर्वाद. तंगी, माझ्या धाकट्या बहिणी, तू मला विचारलंस याचा आनंद झाला. इथं मला कुणी काही विचारत नाही, नुसतं सांगतात.

कोट पोटावर मिटतो. श्वास घेतला नाही तर.

आता ऐकण्याचं. अगं, इंजिनावर ऐकू कुणाला येत होतं? एका बाजूला भट्टी, एका बाजूला वाफ, खाली चाकं. मी आणि माझा फायरमन बसलिंगप्पा इतकी वर्षं एका फळीवर उभे राहिलो, पण गाडी चालू असताना एकमेकांचा आवाज कधी ऐकला नाही. आमचं सगळं हातांनी चालायचं. मूठ पुढं फेकली की कोळसा मार. घशाला दोन बोटं लावली की पाणी, म्हणजे बॉयलरला पाणी सोड. पंजा आडवा धरून खाली दाबला की हळू, थोडं थोडं. कपाळावर बोटांची शिंगं केली की रुळावर जनावर. ही बोली आम्हाला कुणी शिकवली नाही, ती आमची आम्हीच केली. घरी बायको काय म्हणाली, सासरा कसा वागला, हेसुद्धा तो मला शेंद्री स्टेशन यायच्या आत हातांनी सांगून मोकळा व्हायचा, आणि मी हसता हसता शिट्टीची दोरी ओढायची विसरायचो.

आणि त्या गाडीचं काय सांगू! ज्वारीची पोती असोत की नवरीची पाठवणी, ती सारख्याच धीरानं ओढायची. चाक घसरायला लागलं की तळपायाला कळायचं. अजूनही गच्चीवर उभा राहिलो की तळपाय काहीतरी शोधत असतात.

घरातली माणसं वाईट नाहीत. ओरडतात ते मला दिसतं, काय ओरडले ते कळत नाही. सून गुणी आहे, पण का कोण जाणे, जेवताना रोज कडू काढा पाजते. पितो बिचारीसाठी. खरं सांगू का, बसलिंगप्पा वारला त्यानंतर माझ्याशी कुणी बोललेलंच नाही.

पण सोमू नको म्हणत असेल तर मी जाणार नाही. त्याच्या जिवाला घोर लावून मला गाडी चालवायची नाही. कोट परत ट्रंकेत ठेवलाय. कोंडीबांना तुझ्याकडून नम्रपणे नाही कळव.

तुझा,
अण्णा


कुर्डुवाडी
दि. ४ डिसेंबर २०२४

चि. सोमशेखर,
आशीर्वाद नेहमीचेच, पण आधी कान पकड.

तुझ्या बापाचं पत्र सोबत पाठवतेय. दोनदा वाच, राजनंदिनीलाही दे. वाचलंस? अरे शहाण्या, तुझ्या बापाचा घसा दुखत नाही. तो पाणी मागतोय! आणि तुम्ही त्याला काढा पाजताय, डॉक्टरांकडे नेताय. पंजा खाली दाबतो तो रागानं नव्हे, थोडं थोडं वाढा म्हणतोय. कान गेल्यावर हात आपसूक जुन्या बोलीवर गेले, आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही की समोर बसलिंगप्पा नाही. मी हसले आणि मग हातातलं काम टाकून बसून राहिले.

नकाराचा निरोप मी कोंडीबांना दिलेला नाही. तू म्हणालास, थांब म्हटलं तर ऐकणार कोण. बरोबर आहे. मग दाखवणारा कुणीतरी त्याच्या शेजारी हवा. कोळसा कोंडीबांच्या मंडळाचा माणूस टाकेल. बसलिंगप्पाच्या जागी तू उभा राहा. ही बोली तू शीक. तरीही भीती वाटली तर नाही म्हण, मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

आत्याचा जीव तुम्हा दोघांत सारखाच आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
आत्या


जुळे सोलापूर
दि. ९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. कान पकडूनच लिहितोय.

तुमचं पत्र आलं त्या रात्री जेवताना अप्पांची दोन बोटं घशाला गेली. राजनंदिनीनं तांब्या पुढे केला. अप्पा पाणी प्यायले आणि जेवत राहिले, त्यांना काहीच वेगळं वाटलं नाही. मग पंजा खाली दाबला. तिनं अर्धी भाकरी वाढली, थांबली, मग पुन्हा थोडी. तेव्हा अप्पांचा हात थांबला. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मूठ पुढे फेकली, म्हणजे आणखी घ्या, कोळसा मारा. आत्या, माझा बाप ताटावर बसून रडला, आणि मी इतकी वर्षं नुसता घसा फोडत होतो याची मला फार लाज वाटली.

रोज संध्याकाळी गच्चीवर शिकवणी चालू आहे. मी मठ्ठ विद्यार्थी आहे असं त्यांचं मत पडलंय, तेही हातांनीच. कोंडीबांना हो कळवा. फळीवर मी उभा राहीन.

तुमच्या धाकात राहिलेला,
सोमशेखर


जुळे सोलापूर
दि. २२ जानेवारी २०२५

चि. भुवनेश्वरीस,
उदंड आशीर्वाद.

माळावर तू होतीस, सगळं डोळ्यांनी बघितलंस. पण गर्दीतून जे दिसलं नाही ते सांगतो.

वाफ धरली, हँडलवर हात ठेवला आणि तळपायांना जमीन सापडली. इंजिन म्हातारं झालंय, माझ्यासारखं सुरुवातीला कुरकुरलं, मग असं गोड चाललं की विचारू नकोस. सोमू शेजारी ताठ उभा, नजर रुळावर. बाभळीच्या अलीकडं त्यानं एकदम कपाळावर बोटांची शिंगं केली. त्याच्या बाजूनं कुणाची तरी कालवड रुळाकडं येत होती, मला ती दिसणं शक्य नव्हतं. मी वाफ तोडली, ब्रेक लावला. तिच्यापासून चांगलं लांब थांबलो. मागं तुम्ही सगळे ओरडत होता म्हणे. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही, आणि गरजही पडली नाही. सोमू अजून शिंगं धरूनच उभा होता. मी पंजा खाली दाबला, हळू, थोडं थोडं, आणि पुन्हा वाफ सोडली.

इतकंच असतं तर पत्र लिहिलं नसतं, तुझी भेट झालीच होती. पण काल संध्याकाळी सोमू ऑफिसातून आला आणि बूट न काढताच माझ्यासमोर बसला. हातांनी सांगायला लागला. त्यांचे जाडजूड साहेब नव्या खुर्चीत बसले, उठताना खुर्ची त्यांच्याबरोबरच उठली, आणि सगळे कर्मचारी गंभीर चेहऱ्यानं ती मागून ओढत राहिले. खुर्ची कशी दाखवायची ते आमच्या बोलीत नव्हतं. त्यानं स्वतःच वाकून दाखवलं. मी इतका हसलो की ठसका लागला, सून पाणी घेऊन धावली आणि तीही हसायला लागली.

तंगी, ओरडून सांगतात ते औषध घ्या, दार लावा, जेवायला चला. ओरडून कुणी गंमत सांगत नाही. किती वर्षांनी काल मला माझ्या पोरानं काहीतरी उगाच सांगितलं.

आता तू ये. आमच्या घरात बोलणं फार वाढलंय, त्यात तुझी भर हवी.

तुझा,
मल्लिनाथ अण्णा