पिठातले हात

आत्याबाई,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी ही सून चहाड्या घेऊनच आली म्हणा. मी बोलतेय, नात लिहितेय. आपल्या खळ्यावर बिल्डरचा बोर्ड लागलाय. मळणी कधीच गेली, पण वाळवण होतं. कुरुळीतल्या खोल्यांतून राहणाऱ्या लातूरकडच्या बाया, नवरे शिफ्टला गेले की सांडगे घेऊन तिथंच यायच्या. आता तिथं म्हणे चौदा मजले, खाली दुकानं, वर फ्लॅट. बिल्डरचा माणूस मला म्हणतो, "आजी, गच्चीवर घाला की वाळवण!" म्हटलं, "चौदाव्या मजल्यावर घारींना जेवण घालू व्हय रं?" हसला मेला. माझ्या अंगाची लाही झाली.

कंपनीसाठी जमिनी गोळा करणारा आला होता तो दिवस आठवतो. शेतं गेलीच आहेत, त्याला खळंही हवंय. तुम्ही चुलीपुढं, हात परातीत. "बाई, अंगठा." "थांबा सायेब, हात पिठात हायत." एक भाकरी, दुसरी, दहावी. पीठ संपत आलं की तुम्ही डोळ्यानं खुणावता, मी डब्यातलं आणखी ओतते. दिवस कलला. चार भाकरी खाऊन, शाईची डबी उचलून गेला तो, परत फिरकला नाही. मी हसले तर माझ्यावरच डाफरलात, "दात काय काढतीस? दोन तोंडांनी कागद वाचून घेतल्याबिगर अंगठा द्यायचा न्हाई. एक तोंड खोटं बोलतं."

यंदा पोरांनी सह्या केल्या होत्या, तुमच्याच नातवांनी, गाडीच्या हौसेपायी. अडलं होतं माझ्यावर. बिल्डरनं देवळात मीटिंग घेतली. मी उठले आणि त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. बायांनी टाळ्या वाजवल्या. मला तर वारंच चढलं. बाहेर पडताना त्याच्या माणसानं कागद पुढं केला, "आजी, हजेरी." त्या टाळ्यांच्या तोऱ्यात दाबला अंगठा. ती हजेरी नव्हती, संमती होती.

लुच्चे मेले! म्हातारीला फसवताना लाज नाही वाटली. शिव्या देऊन माझा घसा बसला, पण बोर्ड हलला नाही. काल त्या बाया सांडग्यांची ताटं घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "आजी, खळं कोणी दिलं ओ?" मी म्हटलं, "पोरांनी."

अंगठा दाबला तेव्हा माझे हात कोरडे होते, आत्याबाई. डबाभर पीठ घरात होतं आणि हात कोरडे होते.

नातीनं हे सगळं एकदा वाचून दाखवलं. रीतीप्रमाणं आता दुसरं तोंड हवं. ते बोलवायची माझी छाती नाही, म्हणून कागद पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवलाय.