पाण्याखालचं राज्य

९ नोव्हेंबर, रविवार

सहाव्या गाण्याचा आवाज रेकॉर्ड झाला एकदाचा. गाणारा सोहेल सिल्लोडहून सकाळीच आलेला. वरची पट्टी लागली आणि नेमकं डोक्यावरून विमान उतरलं. चिकलठाण्यातली ही खोली शांत आहे म्हणून घेतली होती आम्ही! सोहेल माइकसमोर हात जोडून, "भाई, जरा रुक के उतर ना." परत घेतलं.

सहाव्यात बुडालेला राजा तळ्याखालून फौज उठवतो, सात फण्यांचा अजगर जागा होतो. राजे-राक्षसवाल्या पॉवर मेटल रॉकला अजून काय लागतं! दोन्ही गिटार मीच. बोटं सुजलीत, उद्या वाळूजच्या कंपनीत पहिली शिफ्ट.

आता सातवं, शेवटचं. गिरजेचं. मेंढपाळाची पोर, काठी घेऊन पाण्यात उतरते, राजाला हरवते, पण वर यायची वाट पाणी मिटवून टाकतं. अख्ख्या अल्बममध्ये माझं सगळ्यात लाडकं. एका दुपारी एका दमात सुचलं होतं.

१२ नोव्हें.

शिफ्टहून आल्यावर सातव्याचं कच्चं रेकॉर्डिंग घरच्या छोट्या स्पीकरवर लावून बघत होते. आप्पा आत झोपलेले, रात्रीच्या ड्यूटीवरून आलेले. उठून बाहेर आले. वाटलं, आता ओरडणार. सोसायटीच्या गेटवर रात्रभर जागायचं आणि घरी हा धिंगाणा.

"ते मागचं परत लाव."

कोणतं ते कळेना. ड्रम्स थांबतात तिथलं, बिनशब्दांचं, नुसता वर चढत जाणारा आवाज. लावलं.

"ही हाळी तुला कुणी शिकवली?"

म्हटलं, कुणी नाही आप्पा, मीच बांधली चाल.

"मेंढरामागची हाळी हाय ही. आमच्या घरातली. दुसऱ्या कुणाची नाय." मग म्हणाले, "गाण्यातल्या पोरीचं नाव काय?"

"गिरजा."

खाटेवर बसले. नंतर न जेवताच ड्यूटीवर गेले.

१३ नोव्हें.

आई मेथी निवडत होती. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली.

आप्पांना मोठी बहीण होती. गिरजा. दहा-अकरा वर्षांची असेल. कळप घेऊन सगळे तिकडं खाली जालन्याकडं उतरलेले, तळ्याच्या काठी मुक्काम. दिवस मावळताना एक कोकरू कमी भरलं. ती हुडकायला गेली ती गेलीच. तळं ढवळलं, विहिरी बघितल्या, गावोगाव माणसं पाठवली. काही नाही. ना ती, ना कोकरू.

"मला कधी कुणी सांगितलं नाही," म्हटलं.

"कुणालाच सांगत नाहीत ते. तू तान्ही असताना मेंढरामागं तुला खांद्यावर घेऊन फिरायचे, तवा एकटेच बोलायचे तिच्याशी, हाळी गुणगुणायचे. तुला काय कळतंय म्हणून."

म्हणजे मी रचलं तरी काय? तळं, काठी, नाव, चाल. माझं म्हणावं असं फक्त अजगर आणि राजा.

१६ नोव्हें., रवि.

कोरस घेतला. माझाच आवाज एकावर एक चढवत गेले. मग सगळे एकदम लावले. मधे एक आवाज माझा नाही. कोवळा. किंचित मागून येणारा, जसं कुणी लांबून धावत येत गातंय. एकेक वेगळा करून ऐकला, सगळे माझेच. एकत्र लावले की परत ती.

सोहेल म्हणाला, आवाज आवाजाला भिडले की असं होतं, यंत्राचा खेळ आहे. पण हेडफोन काढून ठेवला त्यानं. मग परत घातला नाही.

२० नोव्हें.

चार दिवस गिटारला हात नाही. कंपनीत ट्रेमध्ये वायसर पडतात त्याचा आवाज घुंगरासारखा वाटतो. आज तर मागं वळून बघितलं. मागं कोण असणार.

सो.ला फोन केला, सातवं काढून टाकू. तो भडकला. "पागल है क्या? सातवें के बगैर कहानी आधी है."

"कहाणी नाही रे ती. आत्या आहे माझी."

मग हळूच, "तेरे अब्बा को पूछ."

२३ नोव्हें., रवि.

मी कुठलं विचारते. आप्पांनीच काढला विषय, चहा पिताना, माझ्याकडं न बघता.

"तुझ्या गाण्यात मरती का ती?"

"नाही आप्पा. राणी होते खालची. पण वर येत नाही."

"का येत नाय?"

काय सांगणार? शेवट जोरदार होतो म्हणून?

मग तेच सांगत बसले. ते सहा-सात वर्षांचे. मोठी माणसं हुडकत होती, ह्यांना काठावर उभं केलेलं, तू हाळी देत राहा, आवाजाच्या रोखानं येईल ती. दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी रानाचा मालक कळप हलवा म्हणाला. आजोबांनी ह्यांना मागून उचललं आणि घोड्यावर ठेवलं. "हाळी निम्मीच झाली व्हती. तोंडातच राहिली."

कप उचलून आत जाता जाता म्हणाले, "तुमच्या त्या यंत्रात माझी घेता का?"

३० नोव्हें., रवि.

आप्पा धुतलेला सदरा घालून आले. हेडफोन नको म्हणाले, "ह्यानं माझंच मला ऐकू येतंय." सोहेलनं त्यांना खुर्ची दिली. बसून नाही निघायची, उभेच राहिले, एक हात कानामागं.

पहिली फुटली. दुसरी लागली. असला आवाज ह्या माणसात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आयुष्यभर गेटवर "साहेब, सही करा" एवढंच बोलताना ऐकलं. तिसरीच्या मध्यात विमान आलं. सो.नं थांबायची खूण केली, ते बघतच नव्हते. पत्रा थरथरत होता आणि त्याच्यावरून आप्पा. विमान गेलं, हाळी चालूच. पार शेवटापर्यंत नेली.

मग ऐकत उभे राहिले. काय, ते विचारलं नाही. सोहेल बाहेर जाऊन पायरीवर बसला होता.

तीच ठेवली, विमानासकट. गाणं तिथंच संपतं. ती वर आली की नाही, ते आता गाण्यात नाही.

४ जानेवारी, रवि.

अल्बम नेटवर टाकला. 'पाण्याखालचं राज्य', सात गाणी. ओळखीच्यांनी ऐकला. म्हणाले, गिटार छान, गाणारा भारी, शब्द कळत नाहीत.

११ जाने.

कुणीतरी शेवटची हाळी तेवढी कापून मेंढरांच्या व्हिडिओला लावली. ती फिरतेय. आमचं नाव नाही त्यावर. सो. वैतागलाय, खाली कॉमेंटमध्ये सगळीकडं लिहितोय कुणाचं आहे ते, माझा नंबरही टाकला.

आप्पांना दाखवलं. मेंढरांकडं बघत बसले. "चांगली राखलीत," म्हणाले.

१८ जाने., रवि.

एका बाईचा फोन. जालन्याच्या पुढचं गाव. आधी भीत भीत, हाळीवाल्यांचा नंबर ना हा?

"आमच्या सासूबाई भाकरी थापत व्हत्या. पोरानं मोबाईलवर ते लावलं. तशाच उठल्या, पिठाच्या हातानं. दारात जाऊन उभ्या राहिल्या आन् ओ दिली. मोठ्यानं. मग रडाया लागल्या. इचारलं तर म्हणत्यात, काय झालं मला ठावं नाय."

माहेर कुठलं त्यांचं? माहेर नाय. लहानपणी बाजारात सापडलेल्या, वर्षभर बोलतच नव्हत्या. सासरच्यांनीच वाढवलं, पुढं घरातच लग्न लावलं. नाव शांताबाई, तेही सासरचंच. आधीचं कुणालाच ठाऊक नाही.

आप्पांना कसं सांगू? सांगितलं.

एवढंच विचारलं त्यांनी, "ओ कशी दिली? म्हंजे, काय म्हणाली?"

ते मी विचारलंच नव्हतं.

२५ जाने., रवि.

सकाळीच निघालो गाडीवर, आप्पा मागं. आईनं डबा दिला, दोन खण दिले. जालना मागं पडलं. गावाची पहिली घरं दिसली आणि खांद्यावर हात पडला.

"थांब जरा."

रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले. तिथंच बसून हे मोबाईलमध्ये लिहितेय. ऊन चढलंय. हरभऱ्याची रानं, एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या माणसानं वळून बघितलं.

म्हटलं, आप्पा, वाट बघत असतील.

"आजवर ती कुठंतरी हाय," म्हणाले. "आत गेलो आन् ती नसली, तर मग कुठंच नाय."

मी पाण्याची बाटली पुढं केली.

त्या बाईचा फोन आला, कुठवर आलात? म्हटलं, आलोच, रस्त्यातच आहोत. मागून कुणीतरी काहीतरी विचारत होतं, म्हाताऱ्या आवाजात, शब्द लागले नाहीत. फोन आप्पांपुढं धरला. त्यांनी मान हलवली, नको.

आता चपला काढून बाजूला ठेवल्यात. उठायचं म्हणत नाहीत. परत फिरू असंही म्हणत नाहीत.