सावळीच्या पोत्यातली पटाशी

मी, सरस्वती कमळाकर विशे, वय एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार शेणवा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि घरातल्या कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम आधीच घेऊन ठेवला, कारण कलम चौथे वाचताना पुष्कळांना शंका येईल. शंका आली की दाखला वाचावा आणि पुढे वाचावे.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली आणि दोन्ही स्वतःच फाडली. त्यांतल्या एकाची झेरॉक्स माझ्या मुलाने, स्वरूपने, कपाटात ठेवली आहे हे मला ठाऊक आहे. ती चुलीत घालावी.

कलम पहिले. राहते घर मी आणि माझे पती कै. कमळाकर यांनी आमच्या पगारातून बांधले. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही, तेव्हा मुलांच्या चुलत्यांनी येऊन उंबऱ्यावर बसू नये. घर स्वरूप आणि त्याची पत्नी हेतल या दोघांच्या नावे समान करावे. माजघरामागची माझी कामाची खोली यात धरलेली नाही. तिच्याबद्दल खाली लिहिले आहे.

कलम दुसरे. पाटल्या आणि गळ्यातले मुलगी कुणालीला. पाटल्या मोडून तिने नवे काही घडवू नये असे मला वाटते, पण ती घडवील. बँकेत जे असेल ते दोघा भावंडांनी न भांडता निम्मे निम्मे घ्यावे.

कलम तिसरे. शेजारी हरेश यांनी माझे गिरमिट दाराला भोक पाडायचे म्हणून नेले आणि टोक वाकवून परत आणले. वर मलाच म्हणाले, "आधीच वाकडं व्हतं बाई." हरेश यांना माझ्या तेराव्याचे जेवण पोटभर वाढावे. हत्यार मात्र एकही देऊ नये, मागायला त्यांची बायको आली तरीही.

कलम चौथे. हत्यारे.

हे कलम हेतलसमोर वाचू नये. तिला त्यातला फक्त निर्णय सांगावा.

मी जातीने किंवा धंद्याने सुतार नव्हे. नोकरी लागली तेव्हा शाळेतले बाक मोडके होते आणि दुरुस्तीची मंजुरी कधी येतच नसे. पहिल्या पगारात सोबतच्या बाईंनी साडी घेतली, मी कल्याणच्या बाजारातून एक इंची पटाशी आणली. लाकडाला खाच पाडायची ही साधी छिन्नी, पण तिच्यामुळे मला दुसऱ्या कशाचाच नाद उरला नाही. गावात हसले. कमळाकर हसले नाहीत. संध्याकाळी कामावरून आले की शर्ट खुंटीला लावून फळीचे दुसरे टोक धरायला बसत. ते गेल्यापासून मी लांब फळीचे काम घेतलेच नाही.

त्यानंतर रंधे आले, करवती आल्या, लाकूड तासायचा वाकस आला, काटकोन पाहायचा गुण्या आला. काही नवे घेतले, बहुतेक जुने. नव्या मालाला चकाकी फार आणि धारेला पाणी कमी. जुने घेताना गंजाला भिऊ नये, तो वरवरचा असतो. भ्यावे ते चिरेला. पाते नखाने वाजवून पाहावे, जो आवाज बद्द येईल तो माल परत पोत्यात टाकावा. घरी आणलेल्या प्रत्येक हत्याराला मी नवा दांडा केला आणि कानशीने माझी खूण घातली: दोन आडव्या रेघा, खाली टिंब. त्या पहिल्या पटाशीचा दांडा शिसवीचा आहे. स्वरूप आणि कुणाली ज्या पाळण्यात झोपले त्याचा पाय मोडला, त्यातून तो काढला. त्यावर अंगठ्याच्या वर डोळ्यासारखी एक गाठ आहे. खूण घालताना कानस निसटून गाठीखाली एक ओरखडाही उठला. असा दांडा जगात दुसरा नाही, असे मी समजत होते.

जुने लोखंड मी सावळीकडून घेते. म्हसा गावच्या जत्रेत आणि एरवी मुरबाडच्या बाजारात ती रांगेच्या अगदी शेवटी पोते पसरून बसते. आमचा घासाघिशीचा संबंध, पण जुना आहे.

काही वर्षांपूर्वी मी पहिले मृत्युपत्र केले आणि सगळी हत्यारे स्वरूपला लिहिली. "नीट सांभाळीन आई," असे तो म्हणाला होता. त्याच पौषात म्हशाला गेले. सावळीने पोते ओतले आणि त्यातून माझी पटाशी बाहेर पडली. टोकावर ऑइलपेंट वाळलेला. कोणीतरी तिने रंगाचे डबे उघडले होते. धारेचा एक कोपरा उडालेला, दांड्याचे डोके हातोडीने ठेचलेले. पण गाठ तीच होती, रेघा त्याच, टिंब तेच.

घरी चोरी झाली असे समजून मी ती विकत घेतली आणि तशीच परत फिरले. घरात आले तर माझी पटाशी भिंतीवर, जागच्या जागी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. गाठीखालचा ओरखडासुद्धा दोन्हींवर होता.

मी कोणाला काही सांगितले नाही. पुढच्या बाजारांना जात राहिले. माझा रंधा आला, पाते नसलेला. माझी करवत आली, मधोमध वाकलेली. घरी प्रत्येक वस्तू धडधाकट होती आणि माळ्यावर त्याच वस्तूंची प्रेते जमत होती. शेवटी मी सावळीला विचारले, हे येते कुठून?

"भंगारातून गो. कल्यानच्या कोन्या साहेबाची आय मेली. त्यानं समदं वजनावर काढलं."

माझा मुलगा कल्याणला साहेब आहे. त्याची आई सावळीसमोर उकिडवी बसून घासाघीस करत होती.

त्या दिवशी मी ते मृत्युपत्र फाडले. माळ्यावर जाऊन पाहिले तर तिथे अंथरलेल्या पोत्यावर एकही हत्यार नव्हते. तांबूस भुकटी तेवढी पडली होती, प्रत्येक हत्याराच्या आकाराची. कुंच्याने गोळा केली आणि परसात टाकली. त्या जागी अजून गवत उगवत नाही.

स्वरूपवर माझा राग नाही. जे त्याने अजून केलेलेच नाही त्याबद्दल त्याला काय बोलायचे? पण त्यानंतर तो जेवायला बसला की मी त्याच्या हातांकडे बघत राही, आणि तो विचारी, "काय झालं आई?"

दुसरे मृत्युपत्र कुणालीच्या नावे केले. या खेपेस गंज नव्हता. माझा रंधा सोनेरी रंगवलेला होता आणि टांगायला त्याच्या पाठीत भोक पाडून कडी बसवलेली होती. सावळी म्हणाली, टोकावड्याच्या पुढे घाटाकडच्या एका होटेलात भिंतीला होता, होटेल बसले म्हणून माल निघाला. आमच्या जावयांना होटेलाची हौस आहे. तेव्हा त्यांनी जागासुद्धा पाहिलेली नव्हती. रात्री फोनवर कुणाली आपली सहज बोलली, "आई, तुझा रंधा शोला किती छान दिसेल गं." मी फोन ठेवला आणि कागद फाडला. या वेळची भुकटी सोनेरी होती आणि बरेच दिवस ती माझ्या नखांतून निघेना.

मग ठरवले, काही लिहायचेच नाही. पुष्कळ महिने सावळीच्या पोत्यात माझे काही आले नाही. मी मरेन आणि काय व्हायचे ते होईल, अशी मनाची तयारीही केली. खरे सांगायचे तर तयारी झाली नव्हती. स्वतःच्या मरणाची मला भीती नाही. पण कमळाकरांनी धरलेल्या फळीवर जी पटाशी चालली ती रंगाच्या डब्यात जाणार, या विचाराने मी उठून बसत असे.

गेल्या होळीनंतर मुरबाडच्या बाजारात ती पुन्हा निघाली. गंज नाही, रंग नाही. तेलाचा हात फिरवलेली, मनगटावरचा केस उडेल अशी धार. फक्त पाते दोन बोटे उरले होते. एवढे पोलाद घासून संपवायला माणसाचे अख्खे आयुष्य लागते.

"ही कुठली गो सावळे?"

"शेनव्याची. म्हातारी गेली तिकडची. शेवटपर्यंत वापरीत व्हती म्हनं."

"कोण म्हातारी?"

"नाव नाय ठावं. दारात ही मोठी बकुल हाय बग. आंगनभर फुलं सांडलेली. पदरात बांधून आनली मी." तिने पदराची गाठ सोडून दाखवली. फुले ताजी होती.

शेणव्यात यंदा कोणी म्हातारी गेलेली नव्हती. जायच्या वयाची म्हातारी म्हणजे मीच. सरळगावहून किन्हवलीपर्यंत एसटीत मी स्वतःची नाडी धरून बसले होते. तिथून रिक्षाने आले आणि घराच्या दारात उतरून आधी अंगण पाहिले. आमच्या दारात बकूळ नाही, कधी नव्हती. मग दिव्याखाली दांडा नीट पाहिला. वर्षानुवर्षे धरून शिसवीत खळगे पडले होते, पण ते उलट्या बाजूला. माझा अंगठा त्यात बसेना. तो हात माझा नव्हता. तो डावा हात होता.

मे महिन्यात सगळे जमले तेव्हा मी ती पटाशी मुद्दाम चटईवर ठेवली. स्वरूपने उचलून "परत भंगार?" म्हटले आणि खाली ठेवली. कुणालीने तिचा फोटो काढला. हेतल खरकटे पुसायला आली. हेतलचे आणि माझे फारसे जमत नाही. ती बोलते कमी आणि दारे आपटते जास्त. चटई झटकायची म्हणून तिने पटाशी उचलली, डाव्या हाताने, आणि तशीच उभी राहिली. तिची पाची बोटे खळग्यांत बसली होती.

"आई, हिचा दांडा कोनी झिजवलाय? हातातून सोडवत नाय."

मी म्हटले, "अजून कोणी नाही."

म्हातारी बरळली असे समजून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराची खिडकी अडकत होती, तर मला न विचारता तिने भिंतीवरची माझी अख्खी पटाशी काढली आणि चौकट तासली. मी दाराआडून पाहत होते. छिलका कागदासारखा पातळ निघत होता. मला रडू आले आणि मी डोळे पुसले नाहीत.

तेव्हा निर्णय असा: कामाची खोली आणि तिच्यातली सर्व हत्यारे, नवी व जुनी, एकट्या हेतल स्वरूप विशे हिला. स्वरूपने त्या खोलीत इन्व्हर्टर ठेवू नये आणि पाहुणे झोपवू नयेत. भिंतीवरची पटाशी तिची. झिजलेली मात्र तिला पुन्हा दाखवू नये. माझ्यासोबत चितेवर ठेवावी आणि राखेत पाते उरेल ते काळू नदीच्या डोहात सोडावे. आपले किती उरले ते कोणी हातात धरून बघू नये.

हे लिहिताना ती माझ्यासमोर टेबलावर, पांढऱ्या फडक्यावर आहे. सही झाल्यावर तिची भुकटी झाली, तर मी पुन्हा चुकले असे समजून हा कागदही मीच फाडीन.

कलम पाचवे. या आषाढात हेतलने दारासमोर एक रोप लावले. त्या जागी मी पत्र्याची शेड टाकणार होते आणि स्वरूपला तिथे गाडी लावायची आहे. मी विचारले, "कसलं गो ते?"

"बकुली हाय आई. नर्सरीवाल्यानं फुकट दिली. जगनार नाय बोलला."

रोप घोट्याएवढे आहे. त्याच्याभोवती मी स्वतः बांबूचे कुंपण घातले आहे. ते कोणी, कधीही, कोणत्याही कारणासाठी तोडू नये किंवा हलवू नये. गाडी रस्त्यावर उभी करावी.

ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीला बसू नये, असे वकील सांगतात. म्हणून हेतलला साखर आणायला दुकानात पाठवले आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे आणि मी त्यांना. वाळू माझा जुना विद्यार्थी आहे. वेळ आली की हा कागद त्यानेच वाचून दाखवावा, त्याचा आवाज मोठा आहे.

सही: सरस्वती कमळाकर विशे

साक्षीदार:
१. वाळू कान्हू आगिवले, राहणार डोळखांब
२. नम्रता दशरथ भेरे, शिक्षिका, राहणार शेणवा

ठिकाण: शेणवा
दिनांक: १४ जुलै २०२५

सही केल्यावर पटाशी उचलून पाहिली. आहे. दांडा कोमट लागतो, आत्ताच कोणी खाली ठेवल्यासारखा. वाळूनेही हात लावून पाहिला. हेतल अजून दुकानातून आलेली नाही. ही ओळही माझीच.

स. क. विशे