न आलेला ‘हो’

५ ऑक्टोबर, रविवार
देवाजीच्या नाटकाच्या संहितेत पहिल्याच पानावर तीन चुका. घटना ४ एप्रिलची नव्हे, ३ एप्रिलची. ४ ही वृत्तपत्रातील बातमीची तारीख. झाड तेंदूचे नव्हे, मोहाचे. आणि सुशीला ‘जोरात किंचाळते’ असे लिहिले आहे. किंचाळी कोणीही ऐकलेली नाही. तेथे दुसरे माणूस म्हणजे केवळ मी.

माझ्या पत्नीला, सुशीलेला, वाघाने नेले, त्याला चार वर्षे झाली. देवाजी माझा विद्यार्थी. आता वडशाच्या एका मंडळासाठी नाटके लिहितो. पहिला प्रयोग आमच्याच गावात, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला. संमती मागायला आला होता. “गुरुजी, तुमी कुऱ्हाड घेऊन वाघावर धावता, तो सीन असा घेतला ना, पब्लिक खुर्च्या सोडून उभी राह्यते पाहा!”
शुद्धलेखन तपासून देतो, एवढेच म्हणालो.

७ ऑक्टोबर, मंगळवार
तिसरा अंक वाचला. रक्त सात ठिकाणी. कंसात सूचना: ‘आतडी दिसतात.’ समासात लिहिले: भयानक आणि बीभत्स हे दोन भिन्न रस आहेत. रक्त पाहून प्रेक्षक तोंड फिरवतो, पुन्हा पाहतो, मग त्याला सवय होते. भयाची सवय होत नाही.
नायकाच्या हाती कुऱ्हाड. माझ्या हाती पुस्तक होते. खोडावयास लेखणी उचलली, पण...

सायंकाळी नागपूरहून मंगलाचा फोन. “बाबा, मंडईले मी येऊन राह्यली. पहिल्या रांगेत बसीन. पोरायले तुमच्या हातावरची खूण दाखवाची आहे.” एकुलती मुलगी. ती खूण वाघाच्या नखाची आहे, असे ती चार वर्षे मानते. आई गेल्यावर महिनाभर त्या खुणेला तीच मलम लावीत होती.

११ ऑक्टोबर, शनिवार
शाळेच्या सभागृहात दुपारी तालीम. सुशीलेची भूमिका कुंदा नावाची नटी करते, माझी हरिभाऊ नावाचा नट. कुंदेच्या पोटाला बांधलेली लाल रंगाची पिशवी वाघ येण्यापूर्वीच फुटली. “अबे वाघोबा, तू आलाच नाई अन् बाई मेली ना!” कोणीतरी ओरडले. वाघाने मुखवटा काढला, हसत हसत चघळायला तंबाखू-सुपारीचा खर्रा मागितला. सर्व हसले. मीही हसलो. हसलो, हे नोंदवणे भाग आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
देवाजीला म्हणालो, वाघ काढून टाक.
“वाघ काढू? मंग लोकं काय पाहायले येतीन गुरुजी? झाड?”
त्याला म्हणालो, तू मोहाची फुले वेचणे लिहिलेस आणि हाक विसरलास. वेचणारा वाकलेला असतो आणि वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो; म्हणून सोबत्याने उभे राहून राखण करावयाची. त्याने थोड्या थोड्या वेळाने ‘हो’ अशी हाक द्यावयाची, वेचणाऱ्याने ‘हो’ म्हणावयाचे. येथील प्रत्येक घराला हे ठाऊक आहे.
मग तसे करून पाहिले. मी सांगितले तसा हरिभाऊ पुस्तक घेऊन, पाठ फिरवून बसला. कुंदा पडद्यामागे. त्याने हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. नाही. “रुसली,” तो म्हणाला आणि पुस्तकाचे पान उलटले. मी सांगितले, आणखी एक पान. आणखी एक. ढोलकीवाल्याचे चघळणे थांबले. कुंदा डोळे पुशीत बाहेर आली. “मले आतून ‘हो’ म्हनावं वाटून राह्यलं, गुरुजी. तोंडावर हात दाबून धरला मी.”
देवाजीने हातातली संहिता मिटली. मग म्हणाला, “तुमाले हे सुचलं कसं?”
“कल्पना,” मी म्हणालो.

१९ ऑक्टोबर, रविवार
लिहून टाकतो.
घटनेच्या आदल्या सायंकाळी काही मंडळी माझा सत्कार करण्यास घरी आली होती. सुशीला डोक्यावर मोहाची टोपली घेऊन त्यांच्या मधून आत गेली. ते गेल्यावर मी म्हणालो, मुख्याध्यापकाच्या पत्नीला हे शोभत नाही. ती म्हणाली, “झाड माह्या बापानं देल्लं, लग्नात. मी वेचनारच. तुमाले लाज वाटते त तुमी नोका येऊ.” मी म्हणालो, यापुढे माझ्याशी बोलू नकोस.
सकाळी तरी राखणीला गेलो. पण उभा राहिलो नाही. पाठ फिरवून बसलो. हाकेला उत्तर आले नाही, तेव्हा वाटले, माझेच शब्द पाळते आहे. म्हणून बसून राहिलो.

२२ ऑक्टोबर, बुधवार
देवाजी आला. मंडळाच्या मालकाला नवा प्रवेश पसंत आहे, पण भीती वाटते. “गुरुजी वाघाशी लढले हे साऱ्यायले मालूम आहे. आमी बसलेले दाखवले, त लोकं म्हनतीन बदनामी केली. खरं असन त लिहून द्या. नाई त कुऱ्हाडच ठेवतो.”
त्याला कळले असावे. वर पाहिले नाही त्याने. पाया पडून गेला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
मंगला सकाळी आली. प्रयोग उद्या. देवाजी चार वाजता कागद नेण्यास येणार. दिनांक व वेळा सुधारून पुढीलप्रमाणे:

२ एप्रिल, सायंकाळ. भांडण झाले. संहितेत ते नाही.

३ एप्रिल, सकाळी सहाच्या सुमारास. पहिली हाक. येथे माझ्याच १९ तारखेच्या नोंदीत चूक आहे. पहिल्या हाकेला सुशीलेने ‘हो’ म्हटले होते. रुसलेली असूनही ती उत्तर देत होती, हे मला तेव्हाच ठाऊक झाले होते.

३ एप्रिल, साडेसहा. दुसरी हाक, लगेच तिसरी. उत्तर नाही. ‘रुसली’ हे मला वाटले नाही. ते मी स्वतःला सांगितले. मागे वळून पाहण्याचे धैर्य नव्हते. पाने उलटली, वाचले एकही नाही.

३ एप्रिल, सुमारे सात. उठलो. टोपली उपडी होती. गावाकडे धावताना कुंपणाच्या तारेने हात फाटला. वाघ मी पाहिलेला नाही.

४ एप्रिल. ‘पतीची वाघाशी झुंज’ ही बातमी. मी ती नाकारली नाही. मंगलाने कापून जपून ठेवली आहे.

२४ ऑक्टोबर, पावणेचार. “बाबा, चहा झाला जी!” मंगला आतून हाक मारते आहे. आता दुसऱ्यांदा. कागद पुढ्यात आहे, सही व्हावयाची आहे. मी अद्याप उत्तर दिलेले नाही.