क्रांत्या झाल्या, सीट मात्र टोचतेच

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार (कमरेला पट्टा असल्यामुळे कागदावरच वाकलो असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? उगाच विचारत नाही. माझी चूल त्या गुडघ्यांवर पेटते, हे तुला ठाऊक आहे आणि आतोबांना नाही. तू वाचनालयात जातेस ही त्यांची समजूत अजून शाबूत असेलच.

तर झालं असं, की आमच्या सायकल-मासिकाला तीस वर्षं झाली आणि संपादकांनी फर्मावलं, बदलत्या फॅशनांचा आढावा घ्या. मी जुने अंक काढून बसलो आणि स्वतःच्याच लिखाणाने घाबरलो. पहिल्या वर्षी मी छातीठोकपणे लिहिलंय, की टायर जितका बारीक तितका वेग जास्त, जाड टायर हवा असेल त्याने हातगाडी घ्यावी. पुढे त्याच छातीने लिहिलंय, की जाड टायरच खरा वेगवान, बारीक टायर ही निव्वळ अंधश्रद्धा! पोलादी सांगाडे मी भंगारात काढायला लावले, ॲल्युमिनियमचे गोडवे गायले, मग कार्बन आल्यावर ॲल्युमिनियमला पातेलं म्हणालो, आणि गेल्या वर्षीचा मथळा काय, तर 'पोलाद परतलं!' दर अंकात क्रांती. (इतक्या क्रांत्या होऊन राज्य मात्र दुकानदारांचंच राहिलं.) आमचं कधी चुकलं नाही, दर वेळी काळच बदलला.

बदलली नाहीस ती तू. नवी सायकल तुझ्या दारात आणली, की तू चष्मा दोरीने बांधून टेकडीला चक्कर मारायचीस आणि उतरताच म्हणायचीस, "मेल्या, सीट टोचते." मी लिहायचो, 'बैठकीत स्पर्धेची शिस्त जाणवते.' "पाठीचे तुकडे पडले" याचं मी 'वाऱ्याशी सलगी करणारी ठेवण' केलं. नाव छापू नकोस ही तुझीच अट होती, आणि मीही ती आनंदाने पाळली.

आढावा वाचून संपादक भलतेच खूश झाले. म्हणाले, येत्या रविवारी वर्गणीदारांसमोर या सगळ्या सायकली तुम्हीच चालवून दाखवा. आता काय करू? मला सायकल येत नाही हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? परवा इमारतीच्या आवारात सराव केला. वॉचमनने मागून धरलं होतं, म्हणजे तसं तो सांगत होता. वळून पाहिलं तर गडी फाटकापाशी चहा पीत उभा! तळमजल्यावरच्या आजी "ब्रेक, ब्रेक" ओरडत होत्या. ब्रेकवर मी ढीगभर लेख लिहिलेत, पण ऐन वेळी हाताला एकही सापडला नाही. कुंड्या फुटल्या, कंबर लचकली. रविवारी हेच चारचौघांत झालं तर नोकरी गेलीच म्हणून समज. खरंच भीती वाटते गं.

बाकी सर्व क्षेम.

तुझा, लेखणीपुरता पट्टीचा सायकलपटू,
भाचा

ता.क. हेल्मेट आणि मोठा काळा चष्मा घातला, तर पाठमोरे आपण दोघं अगदी सारखे दिसतो. रविवारी तुला सवड आहे ना? सुज्ञास सांगणे न लगे.

ता.क. २ पाकीट चिकटवणार तोच आतोबांचा फोन. त्यांनी रविवारची जाहिरात वाचली. म्हणाले, "ती येईल, पण तोंड झाकून नाही. अरे, चाळीस वर्षं मी हिच्या तक्रारी ऐकतोय. तू कितीही साजूक तुपातलं मराठी लिहिलंस तरी मला ओळखू येणार नाहीत? आणि वाचनालयातून कुणी इतकं घामाघूम, इतकं खुशीत घरी येतं का? म्हणून तर गप्प बसलो."

ता.क. ३ त्यांनी परस्पर संपादकांनाही सांगून टाकलं. ते रागावण्याऐवजी हसत सुटले आणि नोकरी वाचली. रविवारी मी पंप घेऊन मागे पळायचं आहे, आणि परीक्षणं यापुढे तुझ्या नावाने. नाव माहेरचं छापू की सासरचं? आतोबांना विचारलं, तर म्हणाले, "तिलाच विचार. आणि ती काय म्हणेल ते या खेपेला जसंच्या तसं छाप."